पावाचे सोबती

काचीगुड्याच्या एका कार्यालयात मध्यंतरी लग्नाला जाण्याचा योग आला. पंगत आपल्या वळणाची होती. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. आचारी मात्र हैदराबादचा असल्यामुळे जिलेबीच्या पाठोपाठ पानात डबल का मीठा आला. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक नातीला घेऊन बसले होते. नातीने विचारले, "आजोबा, हे कशाचं करतात?" आजोबा म्हणाले, "पावाचं." "मग ह्याला डबल का म्हणतात?" आजोबांनी जन्मभर गणित शिकविलेले. ते म्हणाले, "पाव दुप्पट केला की अर्धा होतो. म्हणजे हे अर्ध्याचं पक्वान्न!" आसपास हशा पिकला. तेवढ्यात पलीकडच्या एका वृद्ध बाईंनी वाढप्यापुढे आडवा हात धरला आणि हळूच म्हटले, "मला नको. पावाचं आहे ना ते?"

तुपात तळलेले, पाकात आणि दुधात मुरलेले, केशर-वेलदोड्याचा वास येणारे ते पक्वान्न. त्यात नको म्हणण्यासारखे काही नव्हते. बाईंचा हात आडवा आला तो एका शब्दामुळे. तेव्हा ह्या महिन्यात त्या शब्दाचाच माग काढावा असे आम्ही तेथेच, मठ्ठ्याची वाटी हातात असताना, ठरविले.

प्रथम आजोबांच्या गणिताचा निकाल लावू. चतुर्थांश ह्या अर्थाचा 'पाव' संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. त्याचा खाण्याच्या पावाशी संबंध नाही. पीठ पायांनी तुडवितात म्हणून तो पाव, अशीही एक व्युत्पत्ती घरोघर सांगतात, आणि पाव खाऊ नये ह्याचे कारण म्हणूनही तीच पुढे करतात. तीही खोटी. हा पाव पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळविली, आणि ज्या गलबतांतून बटाटा, काजू, अननस, तंबाखू आपल्या किनाऱ्याला उतरले त्यांतूनच चावी, पगार, मेस्त्री, बादली, घमेले हे शब्दही उतरले. 'पाव' त्यांतलाच. पोर्तुगीज माणूस तो नाकातून उच्चारतो. कोकणीने ते अनुनासिक जपले आणि 'पांव' म्हटले. पाव भाजणाऱ्याला गोव्यात 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज 'पादेइरु'चाच अवतार. मराठीने नाकातला सूर सोडून दिला आणि हा परदेशी शब्द आपल्या घरच्या पाव-अर्धा-पाऊणच्या रांगेत नकळत जाऊन बसला. मग त्याला पाय फुटले यात नवल ते काय!

पोर्तुगीजांना हा शब्द लॅटिनकडून वारशाने मिळाला. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस'. पोर्तुगीज भाषेला दोन स्वरांमधला 'न' गिळून नाकात चढविण्याची खोड आहे. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात, त्याचा तिने 'मांव' केला, तसाच 'पानिस'चा 'पांव'. स्पॅनिशने 'पान' म्हटले, इटालियनने 'पाने', फ्रेंचने 'पँ'. भाषाशास्त्रज्ञ 'पानिस'चा संबंध पोसणे, राखणे ह्या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. गुरे चारणे ह्या अर्थाचे लॅटिन क्रियापद त्यातूनच निघाले, आणि संस्कृतात 'पा' म्हणजे रक्षण करणे, ज्यावरून आपले गोप, नृप, भूप आले, तो ह्याच कुळातला. म्हणजे पाव परका खरा, पण त्याचे पणजोबा आणि गोपाळाचे पणजोबा एकाच गावचे.

पोर्तुगीजांनी हा शब्द आणखी पूर्वेला नेला. सोळाव्या शतकात ते जपानला पोचले आणि आजही जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो. (आपल्याकडे पान म्हणजे विडा किंवा केळीचे पान. जपानी पाहुणा पंगतीला आला तर घोटाळाच व्हायचा.) बंगाल्यांनी मात्र गंमत केली. नुसत्या 'पाउ'वर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्याला त्यांनी 'रुटी' जोडली आणि 'पाउरुटी' म्हटले. म्हणजे तेच ते दोनदा.

पण ह्या शब्दाचे खरे वैभव भट्टीत नाही, पंगतीत आहे. लॅटिनमध्ये 'कोम्' म्हणजे सह. 'कोम्' आणि 'पानिस' मिळून 'कोम्पानिओ' झाला, म्हणजे ज्याच्याबरोबर आपण पाव खातो तो. सहाव्या शतकाच्या सुमारास फ्रँक लोकांच्या कायद्यात हा शब्द प्रथम आढळतो, आणि तो मूळचा लॅटिन घडणीचा नसावा असे पंडितांचे मत आहे. कारण चौथ्या शतकात बायबलाचे गॉथिक भाषेत भाषांतर झाले, त्यात सोबत्याला 'गहलैबा' म्हटले आहे. 'ग' म्हणजे सह आणि 'हलैफ्स' म्हणजे पाव. लष्करातल्या जर्मन शिपायांचा हा शब्द रोमन शिपायांनी ऐकला आणि आपल्या भाषेत जसाच्या तसा पुन्हा घडविला, असे दिसते. एकाच भाकरीचे दोन तुकडे करून खाणाऱ्या दोन शिपायांनी हा शब्द जन्माला घातला, ही कल्पना आम्हांला फार आवडते.

पुढे त्याची वंशवेल वाढली. इटालियनमध्ये 'कोम्पान्यो', स्पॅनिशमध्ये 'कोम्पान्येरो', फ्रेंचमध्ये 'कोंपान्यों', आणि शाळेतल्या मित्राला फ्रेंच मुले आजही ज्या 'कोपँ' शब्दाने हाक मारतात तोही हाच. जर्मन खाणकामगार आपल्या जोडीदाराला 'कुम्पेल' म्हणतो, तो ह्याच घरातला. इंग्रजीत सोबत्याला 'कंपॅनियन' आणि सोबत्यांच्या मेळ्याला 'कंपनी'. आगगाडीच्या 'पँट्री'चे मूळ पावाची कोठी एवढेच आहे.

'कंपनी'! हैदराबादेत बसून हा शब्द सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. १७९८ साली ह्या शहरात दोन कंपन्या समोरासमोर उभ्या होत्या. एक फ्रेंच सेनानी रेमों ह्याने निजामासाठी उभी केलेली पलटण. लोकांनी ह्या रेमोंचा 'मूसा राम' केला आणि त्याच्या नावाचे मूसारामबाग आजही शहरात आहे. फ्रेंच लष्करात शिपायांच्या तुकडीलाही 'कोंपान्यी' म्हणत, एका पावाचे भागीदार ह्याच अर्थाने. दुसरी, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. मार्चमध्ये रेमों वारला. सप्टेंबरात निजामाने कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला, आणि ऑक्टोबरात रेमोंच्या पलटणीला वेढा घालून तिची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्यानंतर काही वर्षांतच रेसिडेंट कर्कपॅट्रिकने कोठीला तो खांबांचा प्रासाद उठविला, जेथे पुढे मुलींचे महाविद्यालय झाले. पाव वाटून खाणाऱ्यांच्या नावाने आलेल्या मंडळींनी सगळीच भाकरी आपल्या पानात कशी ओढली, तो इतिहास वाचकांस ठाऊक आहे.

त्या कंपनीचा जो मुख्य, तो लॉर्ड. आपल्याकडे त्याचा 'लाटसाहेब' झाला. ह्या लाटसाहेबाच्या नावातही पावच आहे, हे कळले तेव्हा आम्ही चकित झालो होतो. जुन्या इंग्रजीत पावाला 'हलाफ' म्हणत. तो गॉथिक 'हलैफ्स'चा भाऊ, आजच्या 'लोफ'चा पूर्वज. रशियनांचा 'ख्लेब' आणि फिनलंडच्या लोकांचा 'लैपा' हेही त्याच जर्मानिक शब्दाच्या उसनवारीतून आलेले. तर 'हलाफवेअर्ड' म्हणजे पावाची राखण करणारा. झिजून झिजून त्याचा 'लॉर्ड' झाला. आणि 'लेडी' कोण? 'हलाफदीगे', पावाचे पीठ मळणारी. ह्यातल्या मळण्याच्या धातूचा आपला भाऊबंद म्हणजे 'दिह्', ज्यावरून 'देह' झाला. मळून, लिंपून घडविलेला तो देह. आणखी एक तिसरा शब्द होता, 'हलाफऐता', पाव खाणारा, म्हणजे पदरचा माणूस, चाकर. राखणारा धनी, मळणारी धनीण आणि खाणारा चाकर. सगळे घर एका पावाभोवती उभे! पहिले दोघे पुढे प्रतिष्ठेला चढले आणि तिसरा शब्द इंग्रज विसरले. विसरणारे कोण आणि विसरलेला कोण, हे पाहण्यासारखे आहे.

आता आपल्या घरी परत येऊ. आपल्या भाषेत जेवणाच्या सोबतीवरून झालेले शब्द कोणते? 'पंगत' हा संस्कृत 'पंक्ति'चा, म्हणजे ओळीचा शब्द. तिच्यापासून आपण काय काय घडविले ते पाहावे. ज्याच्या बसण्याने ओळ पवित्र होते तो पंक्तिपावन. ज्याला ओळीत बसविता येत नाही तो पंक्तिबाह्य किंवा अपांक्तेय. एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढणे हा पंक्तिप्रपंच. साहित्यातही एखादा लेखनप्रकार उपेक्षित राहिला की आपण सहज 'अपांक्तेय' म्हणतो आणि तो शब्द मुळात कोणाच्या उपाशी पाठीवरून आला हे मनात येत नाही. युरोपने जेवणावरून सोबती हा शब्द घडविला. आपण जेवणावरून उठवून लावलेल्याचा शब्द घडविला. युरोपातही उठवून लावलेले कमी नव्हते, पण त्यांच्या नावाची सोय त्या भाषांनी दुसरीकडे केली असावी.

आणि मग ह्या पंगतीत पाव आला. तो भाजणारे ख्रिस्ती किंवा मुसलमान. गोव्यात पीठ आंबविण्यासाठी माडाची सूर वापरीत. म्हणजे हात परका, आंबवणही निषिद्ध. वसईकडे आणि गोव्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पाद्र्याने रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्याले, आणि मग स्वकीयांनीच त्यांना सांगितले की तुम्ही बाटलात, आता तुम्हांला परतीची वाट नाही. कथा घडली तशी घडली असेल वा नसेल. पण तिच्यात पाद्र्याने फक्त पाव टाकला. दार लावून घेतले ते घरच्यांनी. ऐकणाऱ्यांना ह्यात अशक्य असे काही वाटत नसे, हेच त्या कथेतले सर्वांत विदारक सत्य होय.

ह्याच पावाचा उलटा उपयोग करून पाहणारी काही माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच दादोबांच्या प्रेरणेने, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींसह, १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. सभा गुप्त होती. जातिभेद मानावयाचा नाही हा तिचा मुख्य नियम. आणि नुसता शब्द देऊन भागत नसे. सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावयाचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावयाचे. बंद दाराआड, भिन्न जातींची सुशिक्षित तरुण माणसे, समोर एक पाव. त्यातला तुकडा तोंडात घालताना ज्याची त्याची छाती किती धडधडली असेल! बाहेर कळले असते तर घर, लग्ने, पंगत, मर्तिकाला येणारे चार खांदे, सगळेच गेले असते. 'कोम्पानिओ' ह्या शब्दाचा अक्षरशः अर्थ मराठी भूमीवर कोणी प्रथम आचरणात आणला असेल तर तो ह्या मंडळींनी, असे आम्हांस वाटते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली. नावे फुटणार ह्या धास्तीने सभा मोडली. पाव पचला, पण नाव उघड होणे पचणारे नव्हते. ह्या सभासदांना भित्रे म्हणणारे पुष्कळ झाले. आम्ही म्हणणार नाही. जो तुकडा आज आपण चहात बुडवून वर्तमानपत्र वाचता वाचता खातो, त्याची किंमत त्यांनी मोजली होती. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग ह्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. तो उघड होता, पण त्याच्या दारावर पावाची अट नव्हती.

वही चोरीला गेल्यानंतर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसती बाजूला ठेवली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. रानडे आणि टिळक, दोघेही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि प्रायश्चित्त घेतल्याबद्दल न्यायमूर्तींना सुधारक मित्रांचेही बोल ऐकावे लागले. आता हे 'बिस्कीट' काय आहे पाहा. लॅटिन 'बिस' म्हणजे दोनदा, 'कोक्तुस' म्हणजे भाजलेले, शिजविलेले. 'बिस' हा संस्कृत 'द्विस्'चा सख्खा भाऊ आणि 'कोक्तुस' हा 'पक्व'च्या घरातला. बिस्कीट म्हणजे शब्दशः द्विपक्व अन्न! खलाशांना महिनोन्‌महिने टिकावे म्हणून दोनदा भाजलेला पाव. पुण्यातल्या वैदिकांना हे कोणी सांगितले असते तर प्रायश्चित्त कमी झाले असते असे मात्र नाही. हैदराबादच्या इराणी हॉटेलांतून उस्मानिया बिस्कीट चहात बुडविताना हे प्रकरण आम्हांला हटकून आठवते आणि बहुधा तेवढ्यात बिस्कीट तुटून तळाशी जाते.

आपल्याकडे एका ताटात जेवण्याचा विचारच कोणी केला नाही असे मात्र समजू नये. वारकऱ्यांचा काला हे काय आहे? दही, लाह्या, पोहे एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखी घालायचे. गोपाळाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याची ती आठवण. एकेकाळी आपल्याच हैदराबाद संस्थानात असलेल्या नांदेडला गुरुद्वाऱ्याचा लंगर आहेच. फारसीत 'नान-ओ-नमक', रशियनांकडे पाव आणि मीठ, आणि आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणे. फक्त मिठाची निष्ठा चाकराने धन्याशी ठेवावयाची असते, आणि पावाचा सोबती बरोबरीचा असतो. तेवढा शब्द आपल्या मराठीत 'सवंगडी'च्या जवळपास घोटाळत राहिला, जेवणाच्या पानापर्यंत आला नाही.

त्या दिवशी पंगत उठल्यावर हात धुण्याच्या जागी त्या वृद्ध बाई भेटल्या. आम्ही विषय काढला नव्हता, त्यांनीच काढला. म्हणाल्या, "आमच्याकडे पाव आजाऱ्यालाच आणायचे. मला एकदा विषमज्वर झाला तेव्हा दुधात कुस्करून दिला होता सासूबाईंनी. पण तो ओसरीवर बसून खायचा, वाटी वेगळी, आणि ती पुन्हा माजघरात यायची नाही. ती वाटी कितीतरी वर्षं ओसरीच्या कोनाड्यात होती." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पाव वाईट नव्हता हो. पण एकटीनं खाल्लेला."

नातीचा प्रश्न मात्र राहिलाच. डबलरोटीला डबल का म्हणतात? आंबवल्यावर पीठ फुगून दुप्पट होते म्हणून, असे कोणी म्हणतात. आपल्या रोटीहून दुप्पट जाड म्हणून, असे कोणी. पुराण्या हवेलीजवळ चौकोनी नान घेणाऱ्या हैदराबादकराला ही फुगीर, मऊ रोटी काहीतरी जास्तीची वाटली असल्यास आश्चर्य नाही. आमच्यापुरते आम्ही बंगाली 'पाउरुटी'कडे बोट दाखवितो. तेथे शब्दच दुहेरी आहे, मग पदार्थ का असू नये? आजोबांचे गणित ह्या तिन्हींपेक्षा चांगले होते, हे मान्य.

निजामाबाद, आदिलाबाद, बीदर, कलबुर्गी येथल्या वाचकांच्या घरी वडीलमंडळी पावाला काय म्हणत, तो कोणत्या भांड्यात आणि घरातल्या कोणत्या जागी बसून खात, हे त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे. ओसरीच्या कोनाड्यातली वाटी आणखी कोणाच्या घरी होती काय, तेही.